चेष्टा नाही, दहा फेऱ्या

प्रमोदिनीला मोटारसायकल मी शिकवली, असं दुर्गाघाटावर सगळे सांगतात. तिच्या तेराव्याला जेवायला आलेले लोकही तेच म्हणाले. पन्नाशीच्या बायकोला गाडी शिकवणारा नवरा विरळा, असं एकजण म्हणाला. मी मान हलवली आणि त्याला आणखी भात वाढला.

मी मूळचा फलटणचा. रेल्वेत लागलो, बदलीवर काशीला आलो, पार्सल ऑफिसात बसलो आणि इथलाच झालो. प्रमोदिनी जन्मानं काशीची. तिच्या माहेरच्या पाच पिढ्या दुर्गाघाटावर गेल्या. वडील वेदपाठशाळेत शिकवायचे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी कुठून शिरायचं ते तिलाही कळायचं नाही. रस्त्याला ती सडक म्हणायची, दुपारला दोपहर. मी त्यावरून तिला तीस वर्षं हसलो.

आमची मुलगी मैत्रेयी बँकेत लागून प्रयागराजला गेली, तेव्हा प्रमोदिनीनं गंगेपलीकडे, पडावच्या पुढच्या एका मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायचं काम धरलं. शाळा सकाळी सातची. मैदागिनहून राजघाटापर्यंत एक ऑटो, पूल ओलांडायला दुसरी आणि मग दीड किलोमीटर पायी. इथली ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. पहिल्याच महिन्यात ती नऊ वेळा उशिरा पोचली. मोठ्या बाई म्हणाल्या, होळीपर्यंत बघते, नाहीतर मला दुसरी कोणी शोधावी लागेल.

माझी ड्यूटी दुपारी दोनची होती. सकाळी मी घरीच असायचो आणि गाडीही उभीच असायची. मी तिला सोडू शकलो असतो. पण मी पेपर वाचायचो.

दिवाळी झाली आणि एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवा."

"ती स्कूटर नाही. गियरची आहे."

"ठाऊक आहे. मी चेष्टा करते."

"कोणाची?"

ती ओशाळून हसली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे टवाळी. तिला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं होतं. तरी मी तो विनोद सोडला नाही. पुढचे तीन महिने गाडीवर बसवताना मी रोज म्हणायचो, "करा, करा चेष्टा."

आमच्या गल्लीत पायऱ्या आहेत, गाडी आत येत नाही. चौखंब्याच्या तोंडाशी साड्यांचं एक गोदाम आहे, त्याच्या भिंतीला मी गाडी लावायचो. तिथून तिला मागे बसवून पूल ओलांडायचो आणि पडावच्या पुढे एका बंद वीटभट्टीशेजारच्या मैदानात न्यायचो. मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती.

पहिल्या दिवशी तिनं मैत्रेयीचे जुने बूट घातले होते आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली होती. मी क्लच, ब्रेक आणि गियर दाखवले. क्लच हळूहळू सोडायचा, गाडी जिथे धरते तिथे क्षणभर थांबायचं, मग थोडा गॅस. तीनदा गाडी बंद पडली. चौथ्यांदा निघाली. मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि वळून माझ्यापर्यंत आली. तिला ब्रेक मारायचं आठवेना, म्हणून मी बाजूला झालो. ती भट्टीच्या विटांजवळ जाऊन थांबली आणि तिथून ओरडली, "अहो, आली!"

मला वाटलं होतं, पंधरा दिवस जातील आणि मग ती नाद सोडेल.

परत येताना ती मागे बसून काहीतरी गुणगुणत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो हात जाईल याचं मला वाईट वाटलं, असं मी लिहू शकतो, पण ते खोटं होईल. कुठेही जायचं तर ती आधी मला विचारायची. ते थांबेल, हे मला नको होतं.

क्लचच्या दांड्याच्या मुळाशी, जिथे वायर आत शिरते, तिथे एक खरबरीत नट असतो. पान्याशिवाय नुसत्या बोटांनी फिरतो. तो बाहेर फिरवला की त्याच्यामागचे आटे उघडे पडतात, वायर ताणली जाते आणि क्लच उशिरा धरतो. काल जिथे गाडी धरली होती तिथे आज धरत नाही. शिकणारा माणूस गॅस वाढवतो, बोटं आणखी सोडतो, मग गाडी एकदम झेपावते आणि बंद पडते. जुन्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं. नव्याला वाटतं, चूक आपलीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "मी पुढे होतो, हवा बघतो. तू ये मागून." गोदामाशी जाऊन मी नट दोन आटे बाहेर काढला.

त्या दिवशी गाडी एकोणीस वेळा बंद पडली.

"काल तर जमलं होतं," ती म्हणाली.

"काल नशीब होतं."

शिकवणी संपली की परत गोदामाशी गाडी लावताना मी नट जागेवर आणायचो, कारण दुपारी मलाच चालवायची असायची. सकाळी पुन्हा बाहेर. कधी एक आटा, कधी तीन. ती ज्या जागेची सवय करायची, ती जागा मी दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचो. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. पोळ्या लाटताना ती डाव्या हाताची बोटं उघडमीट करायची, हवेत क्लच सोडल्यासारखी. मी बघायचो आणि जेवायचो.

माझ्याच ऑफिसातून रिटायर झालेला विश्वेश्वर राजघाटाला राहायचा. तोही काशीचाच मराठी. त्याला मीच सांगितलं होतं, ये, सकाळी फुकट तमाशा असतो. तो स्कूटरवर यायचा आणि आम्ही टपरीवर बसून बघायचो.

"काय हो सुमंतराव," तो एकदा मोठ्यानं म्हणाला, "भाभीजी गाडी चालवतायत की खलबत्त्यात मसाला कुटतायत?"

"कुटू दे. घरी येऊन तेच तर करायचंय."

टपरीवाला हसला. प्रमोदिनीची गाडी आमच्यासमोरच बंद पडली होती, तिनं सगळं ऐकलं. ती गाडी ढकलत जवळ आली.

"विश्वेश्वरभाऊ, तुमची स्कूटर किकनं चालू होते की अजून वहिनीच धक्का देतात?"

या वेळी टपरीवाला जास्त हसला. विश्वेश्वरही हसला. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार आटे काढले. त्या दिवशी गाडी झेपावून आडवी झाली आणि तिचा घोटा सायलेन्सरला भाजला. मी टपरीवरून उठायला वेळ लावला. मी पोचलो तेव्हा तिनं एकटीनं गाडी उभी केली होती.

"पेट्रोल सांडलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. घोट्याबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

एकदाच माझा बेत चुकला. विश्वेश्वरला चौकात काही काम होतं, तो भल्या सकाळीच गोदामाशी येऊन उभा राहिला. त्याच्यासमोर नटाला हात लावता येईना. त्या दिवशी प्रमोदिनीनं न थांबता मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. गियर बदलले, विटांमधून गाडी काढली. विश्वेश्वरनं टाळ्या वाजवल्या.

"अरे, तू तर म्हणायचास यांना जमत नाही!"

"रोज असं होत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

आठवडाभरात ती सोडेल, मग महिन्यात सोडेल, असं मला वाटत राहिलं. तिनं सोडलं नाही. हळूहळू तिची गाडी बंद पडायची कमी झाली. मी कितीही आटे काढले तरी पहिल्या दोन झटक्यांत ती जागा शोधायची आणि निघायची. मला वाटलं, नटात काही दम राहिला नाही.

माघात तिच्या लायसन्सची परीक्षा होती. आठच्या आकड्यात गाडी फिरवायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. त्या सकाळी मी पाच आटे काढले. त्याच्यापुढे नट जातच नाही. एवढ्यावर क्लच जेमतेम धरतो, मलासुद्धा तिथपर्यंत गाडी नेताना त्रास झाला. परीक्षेच्या जागी मी उतरलो आणि गाडी तिच्या हातात दिली. तिच्या आधी दोन कॉलेजची पोरं पाय टेकवून नापास झाली होती. साहेबांनी तिच्याकडे बघून विचारलं, "माताजी, स्कूटी नहीं लायीं?"

"नहीं भैया, घर में यही है."

ती बसली. दांडा एकदा दाबून सोडला, पुन्हा दाबला. मग आठच्या आकड्यात एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि साहेबांच्या टेबलापुढे येऊन थांबली. पाय थांबल्यावरच टेकला.

येताना तिनं चौखंब्यात मलइयो घेतला, थंडीत मिळणारा दुधाचा गोड फेस. मातीच्या वाटीतला पहिला चमचा माझ्या तोंडापुढे धरला. "घ्या, गुरुदक्षिणा." मी खाल्ला.

मग ती अकरा दिवस गाडीवर शाळेत गेली. सकाळी सहाला निघायची, एक वाजता गाडी परत गोदामाशी लावायची आणि घरी येऊन किल्ली माझ्या हातात द्यायची. एकदाही उशीर झाला नाही. मैत्रेयी दोन दिवस आली होती तेव्हा दोघी गाडी घेऊन त्या मैदानात गेल्या आणि तीन तासांनी हसत घरी आल्या. काय झालं ते मी विचारलं, तर दोघी म्हणाल्या, काही नाही.

बाराव्या दिवशी मी ऑफिसात अर्ज दिला. मला सकाळी सहाची ड्यूटी हवी. साहेब म्हणाले, "लोक सकाळ टाळायला माझे पाय धरतात आणि तुम्ही मागताय?" त्यांनी लगेच सही केली.

घरी आल्यावर मी सांगितलं, "सोमवारपासून सकाळची ड्यूटी लागलीय. गाडी मला लागेल."

ती तांदूळ निवडत होती. "लागली की मागितली?"

"लागली."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा ताटात बघू लागली.

मग पुन्हा ऑटो, पूल, दीड किलोमीटर. होळी झाल्यावर शाळेनं दुसरी बाई घेतली. प्रमोदिनीनं आपलं लायसन्स पोथ्यांच्या कपाटात ठेवलं. त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नाही.

आषाढात तिचे डोळे पिवळे झाले. आधी साधी कावीळ वाटली. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वादुपिंडाचं सांगितलं. तपासण्यांना मीच तिला गाडीवर न्यायचो. ती मागे बसायची, पण हात माझ्या खांद्यावर ठेवायची नाही. मागचा लोखंडी दांडा धरायची. अंगात ताकद नव्हती तरी तोच धरायची. मी एकदा म्हणालो, "मला धर, पडशील." ती म्हणाली, "नाही पडणार. मला ठाऊक आहे गाडी कशी चालते."

भाद्रपदात ती गेली. मी रोज रडलो. हे लिहितो आहे म्हणून ते रडणं खोटं होत नाही. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय अजून सुटली नाही, दुसरा मी मोरीत ओततो.

कार्तिकात मैत्रेयीचा फोन आला. "बाबा, गाडी विकू नका. मी घेऊन जाणार आहे. पुढच्या रविवारी येते."

"तुला येते चालवायला?"

"येते."

"कोणी शिकवली?"

"आईनं. त्या दोन दिवसांत."

ती येणार म्हणून मी प्रमोदिनीची ट्रंक उघडली. साड्या काढून ठेवायच्या होत्या. साड्यांच्या खाली शाळेची एक पातळ वही सापडली. वर लिहिलं होतं, गाडी. आत तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एखादी ओळ.

"चेष्टा – दोन. १९ वेळा बंद."

"चेष्टा – एक. ८ वेळा बंद."

"चेष्टा – तीन. कंबर दुखते."

मी हसलो आणि मला भरून आलं. तिचं ते काशीचं मराठी. चेष्टा म्हणजे प्रयत्न, दोनदा प्रयत्न केला, तीनदा केला. मी पान उलटलं. पाचव्या दिवशी लिहिलं होतं, "आज नेलपॉलिश लावलं." तिनं जन्मात कधी नेलपॉलिश लावलं नव्हतं. मला वाटलं, बिचारीला शिकायचा केवढा उत्साह असेल, मैत्रेयीची बाटली घेतली असेल. मी वहीवर डोकं ठेवून बराच वेळ बसलो.

मग तेरा तारीख आली.

"चेष्टा नाही. दहा फेऱ्या."

मी ते तीनदा वाचलं. प्रयत्न नाही, तर दहा फेऱ्या कशा? तेरा तारीख म्हणजे विश्वेश्वर गोदामाशी येऊन उभा होता तो दिवस. ज्या दिवशी मी नटाला हात लावला नव्हता.

पुढच्या पानावर होतं, "चेष्टा – चार. घोटा भाजला."

मी चपला घातल्या आणि गल्ली चढून गोदामाशी गेलो. दुपारची वेळ होती, भिंतीवर ऊन होतं. गाडीवर धूळ बसली होती. मी क्लचच्या मुळाशी बोटं नेली आणि नट हळूहळू बाहेर फिरवला. पहिल्याच आट्यावर एक बारीक लाल रेघ होती. नेलपॉलिशची. नट जागेवर असला की त्याच्या काठापाशी ती जेमतेम दिसायची, धूळ आणि तेल धरलं होतं म्हणून मला कधी दिसली नाही. नट बाहेर गेला की रेघेपासून किती आटे उघडे आहेत ते कुणीही मोजावं. मी टपरीवर चहा पीत असायचो तेव्हा ती मैदानाच्या टोकाला वाकून काहीतरी बघायची. मला वाटायचं, दम खातेय.

उघडे आटे तिनं दुसऱ्याच दिवशी मोजले होते, पाचव्या दिवशी फक्त खूण केली. तरी ती नट आत फिरवत नव्हती. मी जेवढा बाहेर काढायचो तेवढ्यावरच शिकत होती आणि रात्री आकडा लिहीत होती.

घरी येऊन मी शेवटचं लिहिलेलं पान काढलं. परीक्षेचा दिवस. "चेष्टा – पाच. पास." त्याखाली मलइयोबद्दल काही नव्हतं. अकरा दिवसांच्या शाळेबद्दल काही नव्हतं. पुढची पानं कोरी होती.

तिनं मला का विचारलं नाही, हे मी आठवडाभर डोक्यात घोळवलं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नसेल. मला एवढंच समाधान होतं की ही गोष्ट तिच्याबरोबर गेली. आता ती फक्त मला माहीत आहे. वही मी जाळली नाही, पण ट्रंकेत तळाला ठेवली, वर जुनी चादर टाकली.

रविवारी सकाळी मी लवकर जाऊन गाडी पुसली. हवा बघितली. तेल बघितलं. नट रेघेला टेकवला आणि दोनदा तपासला.

मैत्रेयी बसनं आली. पाठीवर पिशवी आणि हातात हेल्मेट. तिनं घरी चहा घेतला, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि म्हणाली, "चला."

गोदामाशी आल्यावर तिनं पिशवी मागच्या सीटला बांधली. मी किल्ली पुढे केली. तिनं घेतली, पण बसली नाही. आधी डाव्या बाजूला वाकली, अंगठ्यानं क्लचच्या मुळाशी पुसलं आणि डोळा जवळ नेऊन बघितलं. मी तिला कुठे बघायचं ते सांगितलं नव्हतं.

ती सरळ झाली.

"जागेवर आहे," ती म्हणाली. "कोणी केलं?"

"मी केलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आईसारखे नाहीत, माझ्यासारखे आहेत.

"चेष्टा करताय, बाबा?"

तीही काशीतच वाढली आहे. कुठली चेष्टा, ते मला कळलं नाही. तिला उत्तर नकोच होतं. ती हेल्मेटचा पट्टा लावू लागली.

"दुसरी किल्ली कुठंय?"

"घरी. खिळ्याला."

"आणा."

मी गल्ली उतरलो, घरी गेलो, खिळ्याची किल्ली काढली आणि पुन्हा पायऱ्या चढलो. माझा श्वास फुलला होता. ती गाडीवर बसून वाट बघत होती. तिनं किल्ली माझ्या हातातून घेतली, आतल्या खिशात टाकली आणि चेन लावली.

"पोचलीस की फोन कर," मी म्हणालो.

तिनं बटण दाबलं. डाव्या हाताची बोटं सावकाश सुटली, जिथे गाडी धरते तिथे क्षणभर थांबली आणि गाडी निघाली. मैदागिनच्या बाजूला वळेपर्यंत मला ती दिसत होती. एकदाही बंद पडली नाही.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला. ती म्हणाली, "पोचले. कामात आहे."